लोक मला मनातलं सांगतात, म्हणून मी सायकॉलॉजिस्ट व्हावं का?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पेशंटपेक्षा पालकच जास्त येतात. मागे अशाच एक आई मुलीला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, वर्गातल्या सगळ्या पोरी हिला मनातलं सांगतात बघा. रात्री अकरा-अकरापर्यंत फोन. हिनं सायकॉलॉजीच घ्यावी, असं सगळी म्हणत्यात.”

मी मुलीला विचारलं, “शेवटचा फोन कुणाचा होता?”

“मैत्रिणीचा. ब्रेकअप झालंय तिचं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“ब्लॉक कर म्हटलं.”

“फोन उचलल्यावर किती वेळानं?”

ती हसली. “लगेच.”

पोरगी प्रामाणिक होती, त्यामुळे मला बरं वाटलं. लोक आपल्याला मनातलं सांगतात, याचा अर्थ त्यांचा आपल्यावर विश्वास आहे, एवढाच. या व्यवसायात शिकायला लागतं ते पुढचं: ऐकून झाल्यावर सल्ला गिळायचा. आणि कोल्हापुरात सल्ला गिळणं म्हणजे तांबड्या रश्श्याला नको म्हणण्याइतकं अवघड. इथे माया दाखवायची रीतच ती. “तू असं कर” म्हटलं नाही, तर समोरच्याला वाटतं, याला आपलं काही पडलेलं नाही.

तिला मी महिन्याभराचं काम दिलं. नंतर आलेल्या कितीतरी जणांना तेच दिलं. एक वही घ्या आणि खालच्या क्रमानं जा.

पायरी १: नक्की कोण व्हायचंय ते ठरवा

घरोघरी ‘मनाचे डॉक्टर’ या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी माणसं कोंबलेली असतात. सायकिॲट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधं देतो. त्यासाठी बारावी सायन्स आणि नीट लागते. तुम्ही आर्ट्सला असाल आणि मनात हे असेल, तर आजच स्वतःशी खरं बोला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, औषध देत नाही. चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो, मानसोपचार करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. या परिषदेला १९९२ च्या कायद्यानं वैधानिक दर्जा मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. मानसशास्त्रात नुसतं एम.ए. करून दारावर ही पाटी लावता येत नाही.

समुपदेशक शाळेत, कॉलेजात, कुटुंब सल्ला केंद्रात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा स्वतःच्या खोलीत बसतो. याशिवाय कारखान्यात माणसं निवडणारा आणि त्यांना प्रशिक्षण देणारा औद्योगिक मानसशास्त्रज्ञ, खेळाडूंबरोबर काम करणारा क्रीडा मानसशास्त्रज्ञ, आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊन शिकवणारा किंवा संशोधन करणारा. या शेवटच्या गटातल्या कित्येकांचा उभ्या आयुष्यात एकही ‘पेशंट’ नसतो. विषय आवडतो पण लोकांची दुःखं ऐकवत नाहीत, अशांसाठी ही वाट आहे. तिला कमी समजू नका.

वहीच्या पहिल्या पानावर यांपैकी एकच नाव लिहा. नंतर खोडलं तरी चालेल.

पायरी २: आठवडाभर सल्ला बंद

या पायरीला वेळ द्या. ही जमली नाही तर पुढच्या पायऱ्या नुसत्या वाचून उपयोग नाही.

रोज एका माणसाचं वीस मिनिटं ऐकायचं. आजी चालेल, रिक्षावाले काका चालतील, हॉस्टेलमधला रूममेट चालेल. नियम तीन. एक, “तू असं कर” म्हणायचं नाही. दोन, “माझं पण असंच झालं होतं” म्हणायचं नाही. तीन, “होईल सगळं नीट” असंही म्हणायचं नाही. तोही तोंड बंद करण्याचाच प्रकार आहे. शेवटी, त्या माणसाला काय म्हणायचं होतं ते आपल्या दोन वाक्यांत सांगायचं आणि विचारायचं, “हेच ना?”

आठवडाभरात “हेच ना?” ला किती वेळा “होय” आलं आणि किती वेळा “तसं नाही रे” आलं, ते वहीत मांडा. पहिल्या दोन दिवसांत “तसं नाही” जास्त येतं आणि ते बरंच आहे. सगळीकडे “होय, होय” आलं, तर समोरचा तुम्हाला लवकर घरी पाठवतोय असं समजा.

माझी स्वतःची यात पुरती शोभा झाली होती. शिकत असताना खोट्या पेशंटबरोबर सराव सत्र घ्यायचं आणि ते रेकॉर्ड करायचं, अशी पद्धत होती. मला वाटलं, झकास झालं. आमच्या सुपरवायझर बाईंनी टेप लावली. मी “तुम्ही असं करून बघा” म्हटलं की प्रत्येक वेळी त्या टेबलावर पेन टेकवायच्या. ठक. वीस मिनिटांत अकरा वेळा. शेवटी म्हणाल्या, “यातला एक तरी सल्ला त्या माणसाला आधी माहीत नव्हता का?” सगळे माहीत होते. दारू सोडावी, हे दारू पिणाऱ्याला आपल्याआधी कळलेलं असतं.

तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्ती धरायला लावत नाहीत. आधी माती उकरायला लावतात. गप्प बसून ऐकणं हे आमचं माती उकरणं. आठवड्यानंतर कंटाळा आला की ओढ वाढली, हे खरं खरं लिहा. एकच तक्रार तिसऱ्यांदा ऐकताना मन कुठे पळालं, तेही लिहा. माणसं तीच गोष्ट दहादा सांगतात आणि दहाव्या वेळी त्यात एक नवा शब्द येतो. त्या शब्दासाठी जागं राहता येतं का, हे तपासायचंय.

पायरी ३: इंग्रजी शब्दांशिवाय बोला

डिप्रेशन, अँक्झायटी, ट्रॉमा, टॉक्सिक. हे चार शब्द दोन दिवस वापरायचे नाहीत. तुमचा अभ्यास यातल्याच शब्दांत होणार आहे, पण शिरोळ-गडहिंग्लजकडून येणारा माणूस त्यांत बोलत नाही. तो म्हणतो, करमत नाही. जीव घाबराघुबरा होतोय. छातीत कालवाकालव होतीय. डोस्कं उठलंय. अंगात बळ नाही. यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि एकाच माणसाचा सकाळचा अर्थ संध्याकाळी बदलतो. “डोस्कं उठलंय” म्हणजे डोकेदुखी, राग की झोप नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मग कुणीतरी म्हणतं, “बाहेरचं झालंय.” आधी देवरुषी करून आलेले असतात, खर्च झालेला असतो. हे वाक्य ऐकून तुमच्या कपाळावर आठी पडते का बघा. पडत असेल, तर ती पेशंटला दिसते आणि तो पुन्हा येत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणाला मारहाण होत असेल, डांबून ठेवत असतील, तर गप्प बसायचं नाही. पण नुसत्या श्रद्धेशी भांडण काढून उपचार सुरू होत नाहीत. “बाहेरचं झालंय असं कधीपासून वाटतंय?” इथून सुरुवात केली की बहुतेक वेळा तारीख मिळते, आणि तारखेबरोबर घरातली घटना मिळते.

पायरी ४: कंटाळवाणा भाग आधी चाखून बघा

सायकॉलॉजी म्हणजे चेहरा बघून मन ओळखणं, असं वाटत असेल तर ही पायरी झोंबेल. ओळखीच्या सीनियरकडून बी.ए.चं संख्याशास्त्राचं पुस्तक मागून आणा आणि दोन संध्याकाळी बसा. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. चार उदाहरणं हातानं सोडवा. मग प्रॅक्टिकलची जर्नल बघा. म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम त्यात हमखास सापडेल: दोन सारख्याच लांबीच्या रेघा, एकीची टोकं बाणासारखी आत वळलेली, दुसरीची बाहेर उघडलेली, आणि डोळा फसतो. पहिल्यांदा मजा येते. तेच माप पुन्हा पुन्हा घेऊन तक्ता भरताना मजा जाते. उरतं ते शास्त्र.

पुढे व्यवसायातही हे सुटत नाही. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी किंवा बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी मुलांच्या चाचण्या घ्याव्या लागतात. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी तुम्ही शिकाल. व्ही. व्ही. कामतांनी स्टॅनफर्ड-बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. निम्मी पाहुणेमंडळी बेळगाव-निपाणीत असलेल्या आपल्यासारख्यांना त्या जोडीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चाचणी घेताना सूचना पुस्तिकेत दिल्यात तशाच वाचायच्या असतात. मूल अडलं म्हणून मायेनं एक शब्द जास्त सांगितला, की निकाल बिघडला. मग अहवाल. मुलाबरोबर तास-दीड तास आणि कागदाबरोबर त्याहून जास्त वेळ जातो, कारण त्या कागदावर कुणाची शाळा आणि कुणाची पेन्शन अवलंबून असते.

संख्याशास्त्राची भीती असेल तर घाबरून सोडू नका, मलाही होती. आकड्यांची भीती असणं वेगळं आणि पुरावा मागण्याचाच कंटाळा असणं वेगळं. दुसरा प्रकार असेल तर हा व्यवसाय तुमच्या हातून लोकांचं नुकसान करेल.

पायरी ५: स्वतःच्या जखमेकडे बघा

इकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात काहीतरी घडलेलं असतं. वडिलांचं व्यसन, भावाचा आजार, स्वतःची काढलेली वाईट वर्षं. ती नापास करणारी गोष्ट नाही. फक्त एक तपासा: आपल्यासारखीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आपण त्याच्याजवळ राहतो, की आपल्याच घरात परत जातो? दुसरं होत असेल, तर आधी स्वतः कुणाकडे तरी जाऊन बसा. पेशंटच्या खुर्चीतून ती खोली कशी दिसते, हेही त्यात कळतं. आणि आत्ताच जड जात असेल, तर करिअरचा विचार बाजूला ठेवून १४४१६ वर फोन लावा. ‘टेलि-मानस’ची ही सरकारी मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे उद्धारकर्ता व्हायची हौस. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर मी शिरोळ भागातल्या एका छावणीत गेले होते. पिशवीत ताणतणावाच्या प्रश्नावल्या घेऊन. एक आजी ओली झालेली रेशनकार्डाची पानं एकमेकांपासून सोडवत बसल्या होत्या. मी मोठ्या गांभीर्यानं विचारलं, “मनात काय येतंय?” त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, “बाई, ह्ये पान फाटू ने म्हंजे झालं.” मग मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालत बसले. अर्ध्या तासानं त्या आपण होऊन म्हशीबद्दल बोलायला लागल्या. दाव्याला बांधलेली राहिली होती. प्रश्नावली तशीच परत आणली.

तुमच्या स्वभावाला हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटला असता का? वहीत लिहा.

पायरी ६: गावात तोंड बंद ठेवता येईल का?

पुण्या-मुंबईचे लेख वाचून हे कळत नाही. तिथे पेशंट आणि तुम्ही परत भेटण्याची शक्यता कमी. इथे सकाळी अकरा वाजता ज्यांनी रडून सांगितलं, ते संध्याकाळी रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी सहकुटुंब उभे. ओळख द्यायची की नाही? माझा नियम असा: पहिल्याच भेटीत सांगायचं, “बाहेर दिसलो तर मी आपण होऊन बोलणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन.” यामुळे महाद्वार रोडवर मला गर्विष्ठ समजणारी बरीच मंडळी तयार झालीत. चालतंय.

घरातून दबाव येतो तो वेगळा. सासूबाईंच्या भिशीतल्या बाई येऊन गेल्या की नाही, एवढंसुद्धा घरी सांगायचं नाही. २०१७ च्या कायद्यानं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. त्याला अपवाद आहेत: जिवाला धोका असेल तेव्हा गप्प राहता येत नाही, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. मग ज्याचं नाव येतं तो गल्लीतला प्रतिष्ठित माणूस असला तरीही.

पैशाचंही इथेच सांगते. “नुसतं बोलायचे पैसे?” हे वाक्य तुम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळेल, आणि बरेचदा ओळखीच्याच माणसाकडून. नातेवाईकांवर, मित्रांवर उपचार करायचे नसतात, हे त्यांना समजावताना नाती ताणली जातात. ज्याला कुणाचंच मन मोडवत नाही, त्याला या पायरीवर फार त्रास होतो.

पायरी ७: वर्षं आणि पैसे कागदावर मांडा

बारावीनंतर पदवीची तीन किंवा चार वर्षं, मग एम.ए. किंवा एम.एस्सी. क्लिनिकलला जायचं तर त्यापुढे देखरेखीखालचं प्रशिक्षण. म्हणजे मित्राचं इंजिनिअरिंग होऊन गोकुळ शिरगावला नोकरी लागलेली असते, त्याचं लग्न ठरलेलं असतं आणि तुम्ही अजून विद्यार्थी असता. घरच्यांना हे आत्ताच सांगा. क्लिनिकलच्या जागा थोड्या असतात, बऱ्याच जणांना त्यासाठी कोल्हापूर सोडावं लागतं. बंगळुरूचं निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही नावं ऐकली असतील. स्पर्धा देशभरातल्या मुलांशी असते.

नियम सध्या हलताहेत, म्हणून जुन्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. आतापर्यंत क्लिनिकलची वाट दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जायची. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली. त्याच्या जागी काय आणि कुठे, हे प्रवेशाच्या वर्षी आरसीआयच्या संकेतस्थळावर बघा. कॉलेजचं नाव यादीत असून भागत नाही. तोच कोर्स, त्याच वर्षासाठी मान्य आहे का, ते बघायचं. दुसरं, २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देऊ नयेत, असं यूजीसीनं सांगितलंय. घरबसल्या पदवीची जाहिरात दिसली तर आधी हे आठवा. तिसरं, क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे त्यांच्याही नोंदणीची आणि अभ्यासक्रमाची घडी बसते आहे.

सात दिवसांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करणाऱ्या कोर्सबद्दल माझं मत एका ओळीत: सात दिवसांत चप्पलसुद्धा नीट शिवायला येत नाही, आपल्या गावाला हे कळायला हवं.

कामाची गरज मात्र खरी आहे. निमहान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. तरी गरज आहे म्हणून पगार बरा असेलच, असं समजू नका. व्यवसायात असलेल्या तिघांना भेटा आणि सरळ विचारा: आठवड्याला किती भेटी होतात, त्यातल्या किती ऐनवेळी रद्द होतात, खोलीचं भाडं किती, पहिली तीन वर्षं घर कुणी चालवलं? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण हसतील. ते हसणं वहीत लिहून ठेवा.

पायरी ८: जाऊन काम करा

उरलेल्या दिवसांत विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम किंवा व्यसनमुक्ती केंद्र, यांपैकी एका ठिकाणी परवानगी घेऊन शनिवार-रविवार जा. सतरंज्या घाला, मुलांना डबा भरवा, जे सांगतील ते करा. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकावर तासभर बसलात तरी आजारी माणसाबरोबर आलेल्या घरच्यांचे चेहरे दिसतील. फोटो काढायचे नाहीत, चौकशा करायच्या नाहीत. “मॅडम, तुमच्या सेशनला बसू का?” असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते. का, ते पायरी सहामध्ये आलंय.

घरी आल्यावर तीनच ओळी लिहायच्या. आज कुठे राग आला. कुठे स्वतःची फुशारकी वाटली. रात्री झोप लागली का. चार आठवड्यांनी पाठीमागून पुढे वाचा. राग आणि फुशारकी सगळ्यांच्याच वहीत असते, तिला घाबरू नका. झोपेची ओळ नीट बघा. पहिल्या आठवड्यात झोप उडणं साहजिक आहे. चौथ्या आठवड्यातही उडत असेल, तर वर्षभर थांबून पुन्हा करून बघा, किंवा पहिल्या पानावरचं नाव बदला. बारावीच्या वयात थांबलं म्हणून काही बिघडत नाही. माझ्या बॅचला एक बाई दोन मुलं झाल्यावर आल्या होत्या आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगल्या निघाल्या.

ती ‘ब्लॉक कर’वाली मुलगी महिन्यानं वही घेऊन आली. “हेच ना?” च्या रकान्यात पहिल्या दिवशी सात वेळा “तसं नाही” होतं. संख्याशास्त्राची चार उदाहरणं सांगितली होती, तिनं बावीस सोडवली होती. पहिल्या पानावर आधी ‘क्लिनिकल’ लिहून खोडलं होतं, मग ‘संशोधन’ लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी वही चाळत होते तोवर आईंना राहवेना.

“मॅडम, पण हिला काय केलंय तुम्ही? महिना झाला, मी काय सांगाय गेले की ही नुसतं ‘मग?’ म्हणून बघत बसतीय. परवा तासभर बोलले मी. माझ्या माहेरचं, आईच्या आजारपणाचं सगळं निघालं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं.”

मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही.